श्रद्धा माणसाची, कारण कायद्याचे

विधानसभेचा किंवा लोकसभेचा सदस्य निवडून आल्यानंतर सभागृहात पहिली कृती करतो ती शपथ घेण्याची. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत या शपथेचे नमुने दिले आहेत आणि त्यांत दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. ज्याला ईश्वराला साक्षी ठेवावयाचे आहे त्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी. ज्याला तसे करावयाचे नाही त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोघांची संविधाननिष्ठा सारखीच धरली जाते आणि दोघांच्या मताचे मोलही एकच असते. इयत्ता आठवी-नववीत हा भाग शिकवताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, देव न मानणाऱ्याने शपथ मोडली तर त्याला शिक्षा कोण करणार?" मी त्याला उलट विचारतो, "देव मानणाऱ्याने मोडली, तर आजवर कोणी केली?" वर्ग हसतो, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोकप्रतिनिधीच्या वैयक्तिक धार्मिक श्रद्धेला कायदा करण्याच्या कामात स्थान कोणते, हा तो प्रश्न आहे. संविधान सभेपुढे तो उभा राहिला होता, आपल्या जिल्ह्यापुढे तो अलीकडेच उभा राहिला, आणि आपल्यातील जे माजी विद्यार्थी आज ग्रामपंचायतींत, पंचायत समित्यांत बसतात त्यांच्यापुढे तो रोज उभा आहे.

संविधान सभेत तो सर्वांत उघडपणे आला तो १७ ऑक्टोबर १९४९ रोजी. त्या दिवशी उद्देशिकेवर चर्चा होती. हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की, उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. कामत प्रामाणिक देशभक्त होते, सनदी नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात आलेले होते, आणि त्यांच्या श्रद्धेत दिखाऊपणा नव्हता. तरीही सभागृह अस्वस्थ झाले. पट्टम थाणू पिल्लई यांनी यात श्रद्धेची सक्ती होते असा आक्षेप घेतला. हृदयनाथ कुंझरू यांचा मुद्दा अधिक मार्मिक होता. ज्या उद्देशिकेत विचार, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य आपण प्रत्येकाला देत आहोत, तिच्याच पहिल्या ओळीत एक सामूहिक श्रद्धा सर्वांवर लादणे हे त्या वचनाशीच विसंगत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर देवावर मतदान घेण्याची पाळी सभागृहावर आणू नका, अशी कामतांना विनवणी केली. कामतांनी दुरुस्ती मागे घेतली नाही. मतदान झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरोधात हात वर करणारे अडुसष्ट जण नास्तिक होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांतील पुष्कळ जण घरी पूजाअर्चा करणारे होते. आपला देव आपल्यापाशी खरा असला तरी तो सर्वांच्या संविधानाचा आधार होऊ शकत नाही, एवढे त्यांना कळले होते.

'धर्म घरी ठेवा' हे उत्तर अपुरे का?

यावर आपल्यातील अनेक सुशिक्षित मंडळी एक झटपट उत्तर देतात: राजकारणात धर्म आणू नका, तो घरी ठेवा. हे उत्तर ऐकावयास सोयीचे आहे, पण ते खरे नाही. देवळात जाताना चपला बाहेर काढून ठेवाव्यात तशी श्रद्धा सभागृहाच्या दाराशी काढून ठेवता येत नाही. माणूस मत देतो, भाषण करतो, एखाद्या अन्यायाने पेटून उठतो, तेव्हा त्याच्या मनाच्या तळाशी जे असते ते बरोबरच येते. महात्मा जोतीराव फुले यांची निर्मिकावर निष्ठा होती. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले ते याच निष्ठेचे प्रतिपादन करणारे. ती निष्ठा वजा केली तर जोतीराव उरतच नाहीत. परंतु १८८२ साली हंटर आयोगापुढे शिक्षणाची मागणी मांडताना त्यांनी काय सांगितले? निर्मिकाची आज्ञा आहे म्हणून शूद्रातिशूद्रांना शिकवा, असे त्यांनी म्हटले नाही. सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा हिशेब त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांपुढे ठेवला. ख्रिस्ती अधिकारी असो, पारशी असो, ब्राह्मण असो, हा हिशेब प्रत्येकाला तपासता येण्याजोगा होता. पटला नाही तर खोडून काढता येण्याजोगाही होता.

माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म येथे आहे. श्रद्धेने माणसाला मागणीपर्यंत आणावे. ती तिचीच कामगिरी आहे. पण मागणीचे जेव्हा विधेयक होते, तेव्हा त्याला दिलेले कारण ती श्रद्धा नसलेल्या माणसालाही तपासता आले पाहिजे. कायदा सर्वांवर बंधनकारक असतो, दंड आणि तुरुंग हे त्याचे हात असतात. ज्याला माझा ग्रंथ मान्य नाही त्याला मी माझ्या ग्रंथाच्या आधारे तुरुंगात कसा पाठवणार?

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहावे. धर्म ही अफूची गोळी आहे, असे मानणाऱ्यांपैकी ते नव्हते. माणसाला धर्माची गरज आहे, हे त्यांनी कम्युनिस्टांशी वाद घेऊन सांगितले. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केल्यानंतर त्यांनी एकवीस वर्षे शोध घेतला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या साक्षीने तथागतांच्या धम्मात प्रवेश केला. त्या दिवशी ते राज्यसभेचे विद्यमान सदस्य होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. एवढ्या तीव्र धार्मिक ओढीचा हा पुरुष देशाचा पहिला कायदामंत्री होता. बावीस प्रतिज्ञा त्यांनी स्वतः घेतल्या आणि ज्यांची घेण्याची तयारी होती त्यांना दिल्या. त्यांतली एकही त्यांनी कोणत्याही विधेयकात घातली नाही.

उलट कायदा आणि धर्म यांच्या सीमारेषेबद्दल त्यांनी २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत जी भूमिका मांडली ती आजही अनेकांना बोचते. या देशात धर्माची कल्पना इतकी पसरली आहे की, जन्मापासून मृत्यूपर्यंत जीवनाचे एकही अंग तिच्या कक्षेबाहेर राहत नाही. तेव्हा यापुढे धर्माची व्याप्ती श्रद्धा आणि खरोखर धार्मिक असणारे विधी यांपुरती आवरती घेतली पाहिजे, वारसा आणि कूळकायदा यांसारख्या गोष्टी धर्माच्या हाती राहण्याचे कारण नाही, असे त्यांनी बजावले.

एक श्रद्धावान राष्ट्रपती आणि हिंदू कोड बिल

या भूमिकेची खरी कसोटी हिंदू कोड बिलाच्या वेळी लागली. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा अधिकार, स्त्रीचा मालमत्तेवरील पूर्ण हक्क, आंतरजातीय विवाह आणि दत्तक यांना मान्यता, असा त्या विधेयकाचा गाभा होता. विरोधकांनी शास्त्रे पुढे केली. बाबासाहेबांनी शास्त्रांचाही अभ्यास केलेला असल्यामुळे पराशर आणि इतर स्मृतींचे दाखले देऊन त्यांनी त्यांना त्यांच्याच मैदानात गाठले. बहुसंख्य शूद्र समाजात घटस्फोटाची रूढी पूर्वापार आहेच, हेही दाखवून दिले. पण विधेयकाचा पाया त्यांनी स्मृतींवर रचला नाही. स्मृतीत आधार सापडला नसता तरी स्त्रीचा हक्क कमी झाला नसता. स्मृतींचे दाखले समोरच्याशी बोलण्यापुरते होते. कायद्याचे कारण समता हे होते.

या विधेयकाला सर्वांत वजनदार विरोध होता तो राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांचा. राजेंद्रबाबू निष्ठावान, परंपरेने चालणारे हिंदू होते. त्यांना हे विधेयक मनापासून अमान्य होते आणि त्यांनी ते लपविले नाही. १५ सप्टेंबर १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळविले की, विधेयकाला संमती देताना आपण स्वतःच्या निर्णयबुद्धीने वागू इच्छितो. वरवर पाहता हा सदसद्विवेकाचा आवाज वाटतो. पण क्षणभर विचार करावा: कोट्यवधी स्त्रियांच्या वारसाहक्काचा निर्णय एका व्यक्तीच्या देवघरात होणार होता. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत मागविले. दोघांनीही सांगितले की, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे. तिकडे संसदेत विधेयक रेंगाळले आणि अखेर बाजूला ठेवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे एकाहून अधिक होती. त्यांत हे एक मोठे होते.

ही कथा येथे संपवून टाळ्या घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र पुढची पाने उलटली पाहिजेत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर त्याच विधेयकाचे तुकडे करून ते पुन्हा मांडले गेले. हिंदू विवाह अधिनियम १८ मे १९५५ रोजी आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने अस्तित्वात आला. संमती देणारे राष्ट्रपती तेच होते. त्यांची श्रद्धा या चार-पाच वर्षांत बदलली होती असे मानावयास आधार नाही. श्रद्धा त्यांच्यापाशी राहिली आणि सही संविधानाच्या बाजूने झाली. मला यात राजेंद्रबाबूंचा पराभव दिसत नाही. पदावरील श्रद्धावान माणसाने कसे वागावे याचे, उशिरा का होईना, मिळालेले ते उदाहरण आहे. आपल्या मंचावरून बाबासाहेबांच्या राजीनाम्याची गोष्ट सांगताना हेही सांगावयास हरकत नसावी.

जाता जाता एक गोष्ट. हे दोन्ही कायदे बौद्धांनाही लागू आहेत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली दिला. आपल्या वस्त्यांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई आजही कमी झालेली नाही. त्या वेळी कोणाला बाबासाहेब आठवत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातील चौथरा

आता घराजवळचे उदाहरण. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे दारे नसलेल्या घरांचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्या गावी शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाण्यास मज्जाव होता. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू आदींनी याविरुद्ध आवाज उठविला, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले, आणि वर्षे उलटत राहिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढून गेली. त्यानंतर सुरक्षा कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि चौथऱ्याची शुद्धी करण्यात आली. 'शुद्धी' हा शब्द वर्तमानपत्रात वाचून आपल्यातील कोणाला महाड आठवले नसेल? १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी प्यायल्यावर ते तळेही असेच शुद्ध करण्यात आले होते. २६ जानेवारी २०१६ रोजी तृप्ती देसाई यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या महिलांना पोलिसांनी पारनेर तालुक्यातील सुपे येथेच अडविले.

निर्णय झाला तो न्यायालयात. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी सांगितले की, स्त्रियांना प्रवेश नाकारता येणार नाही आणि कायद्याची अंमलबजावणी करणे शासनाचे कर्तव्य आहे. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला आणि स्त्रियांनी तेथे दर्शन घेतले.

हा कोणता कायदा? तो नवा नव्हता. १९५६ सालचा हिंदू सार्वजनिक पूजास्थान प्रवेशाचा तो कायदा होता; मुंबई राज्याने तो अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा विचार मनात ठेवून केला होता. पण त्याची शब्दरचना एखाद्या जातीपुरती मर्यादित नव्हती. सार्वजनिक पूजास्थान जर हिंदूंना खुले असेल तर हिंदूंच्या कोणत्याही वर्गाला वा विभागाला तेथे रोखता येणार नाही, आणि रोखणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असे तो सांगतो. म्हणून जातीविरुद्ध केलेला कायदा साठ वर्षांनी स्त्रियांच्या कामी आला. शनीची दृष्टी स्त्रीला बाधते की नाही, देवाला स्त्रीचा स्पर्श चालतो की नाही, यावर न्यायालयाला एक शब्दही बोलण्याची गरज पडली नाही. त्या कायद्याचे कारण शनीवरील श्रद्धा हे असते, किंवा अश्रद्धा हे असते, तर असे झाले नसते.

आपल्यातील काहींना हा सगळा प्रकार निरर्थक वाटला. त्या चौथऱ्यावर आपल्याला जावयाचेच नाही, मग कोण गेले आणि कोण अडले याच्याशी आपला संबंध काय, असा सवाल तेव्हा अनेक बैठकांत ऐकू आला. काळारामाच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करणाऱ्या बाबासाहेबांनाही मूर्तीच्या दर्शनाची आस नव्हती. पुढे तर त्यांनी मंदिरप्रवेशाची वाटच सोडून दिली. तरीही ज्याला जावयाचे आहे त्याचा हक्क आणि मला न जाण्याचा हक्क हे एकाच मुळावरचे दोन फाटे आहेत. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणून स्त्री-शूद्रांपुढे ठेवला, त्याच तालुक्यात स्त्रियांना एका चौथऱ्यासाठी सातशे वर्षांनी न्यायालयात जावे लागले, ही नोंद मात्र वारकऱ्यांनी आणि आपण मिळून करावयास हवी.

जादूटोणाविरोधी कायद्याची कहाणीही याच वळणाची आहे. डॉ. दाभोलकर या कायद्यासाठी अनेक वर्षे झटले. मसुदे बदलले, सरकारे बदलली, विधेयक लटकत राहिले. या कायद्याने वारी बंद पडेल, कीर्तन गुन्हा ठरेल, सत्यनारायण घालणाऱ्याला पोलीस नेतील, असा प्रचार गावोगाव झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये सांगितली आहेत: भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराचा दावा करून लुबाडणे, गुप्तधनासाठी नरबळी देणे, एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचे जगणे अशक्य करणे, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात नेण्यापासून रोखणे, अशा स्वरूपाची. देव आहे की नाही, याबद्दल कायद्यात चकार शब्द नाही. उलट हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, यात्रा, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही असे त्यातच स्पष्ट नमूद केले आहे. काही पुरोगामी मित्रांना ही तडजोड वाटली. मला ती तडजोड वाटत नाही. इजा आणि फसवणूक हे त्या कायद्याचे कारण आहे. ज्याच्या आईला मांत्रिकाने चटके दिले तो वारकरी असो की बौद्ध, त्याला हे कारण समजावून सांगावे लागत नाही.

खासगी आणि दौलत

जिल्ह्याला आता अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे त्यांचे जन्मगाव. त्यांच्या नावाचा वापर करणारे आज पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्या कारभारातील एक बारकावा सांगतो. अहिल्यादेवी परम शिवभक्त होत्या. आज्ञापत्रावर त्या 'श्री शंकर' असे लिहीत. काशीपासून रामेश्वरापर्यंत मंदिरे, घाट, धर्मशाळा त्यांनी बांधल्या. परंतु होळकरांच्या कारभारात 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन वेगळे हिशेब होते, आणि हा दानधर्म मुख्यतः खासगीतून होत असे. अठराव्या शतकातील राणीला राज्यघटना माहीत असण्याचे कारण नाही, आणि तिला धर्मनिरपेक्ष ठरविण्याचा खटाटोप मी करणार नाही. तरीही स्वतःच्या श्रद्धेचा खर्च स्वतःच्या हिशेबातून, ही शिस्त घेण्यासारखी आहे. आपल्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या अनुच्छेदात तिचा आधुनिक अवतार सापडतो: एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही.

गावात मंदिराच्या सभामंडपासाठी निधीचा ठराव आला की आपले सदस्य हा अनुच्छेद काढतात. ते योग्यच आहे. पण दलित वस्तीच्या निधीतून उभे राहिलेले समाजमंदिर आपण विहार म्हणून वापरतो, तेथे बुद्धमूर्ती बसवितो, आणि शेजारच्या मातंग किंवा चर्मकार कुटुंबाने लग्नकार्यासाठी किल्ली मागितली की टाळाटाळ होते, हेही अनेक गावांतले चित्र आहे. विहार वर्गणीतून बांधावा. त्याचे पावित्र्य त्यातच आहे. समाजमंदिर मात्र सगळ्या वस्तीचे आहे आणि त्याची किल्ली सगळ्यांना मिळाली पाहिजे.

आपण बहुसंख्य असतो तर

अल्पसंख्याने सहिष्णुतेची मागणी करणे सोपे असते. बौद्ध जेथे बहुसंख्य आहेत तेथे काय घडले, हे पाहण्याचे धाडस आपल्या व्याख्यानमालांतून क्वचितच होते. ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू हे अत्यंत सात्त्विक उपासक होते. बाबासाहेब १९५४ च्या अखेरीस जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले तेव्हा देशाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. १९६१ साली ऊ नू यांनी निवडणुकीतील वचनाप्रमाणे बौद्ध धम्माला राज्यधर्म केले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण काचिन आणि चिन डोंगरांतील ख्रिस्ती जनतेला त्या दिवशी आपण या देशात पाहुणे आहोत असे वाटले. काचिन प्रदेशात त्याच सुमारास सशस्त्र बंडाला तोंड फुटले, आणि मार्च १९६२ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. कारणे आणखीही होती. परंतु राज्यधर्माच्या कायद्याने धम्माचे काही भले झाले असे कोणताही इतिहासकार म्हणत नाही.

सम्राट अशोकाला हे अनुभवाने कळले होते. त्याने नियमही केले. कित्येक प्राण्यांची हत्या आज्ञेने बंद केली. पण राज्याभिषेकानंतर सव्वीस-सत्तावीस वर्षांनी कोरविलेल्या स्तंभलेखांत तो स्वतःच सांगतो की, धम्माची वाढ नियमांनी थोडी झाली आणि मनन-समजुतीने पुष्कळ झाली. सत्तेच्या शिखरावरील माणसाची ही कबुली आहे. आपल्या राष्ट्रध्वजावर त्याच्या परंपरेचे चक्र आहे याचा आपल्याला आनंद होतो, आणि त्या ध्वजाला वंदन करण्यासाठी कोणालाही त्रिशरण घ्यावे लागत नाही, ही त्याहून आनंदाची गोष्ट आहे.

कायदा एखाद्या श्रद्धेला चिकटला म्हणजे काय होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने या सवलती मुख्यतः हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरत्या ठेवल्या. १९५६ नंतर ज्यांनी दाखल्यावर अभिमानाने 'बौद्ध' लिहिले, त्यांच्या केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र शासनाने 'नवबौद्ध' म्हणून राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. चौतीस वर्षे! गावकुसाबाहेरची वस्ती तीच होती आणि पाणवठाही तोच, फक्त प्रार्थना बदलली होती. आपला प्रश्न सुटला. पण याच जिल्ह्यात आपल्याच भाऊबंदांतील जी कुटुंबे मिशनच्या काळात ख्रिस्ती झाली, ती आजही त्या आदेशाच्या बाहेर आहेत. त्यांना सामावून घेतल्यास आपला वाटा कमी होईल ही भीती मला समजते, आणि कोटा वाढविण्याची मागणी त्याबरोबर झालीच पाहिजे. मात्र १९९० पूर्वी आपण जो युक्तिवाद करीत होतो, तोच ते आज करतात, हे नाकारणे मला जमत नाही.

बोधगयेच्या बाबतीतही आपली मागणी नेमकी कशी मांडावी हे यावरून ठरते. १९४९ च्या कायद्याने महाबोधी विहाराच्या समितीवर चार बौद्ध, चार हिंदू आणि पदसिद्ध अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी अशी रचना केली. जिल्हाधिकारी हिंदू नसल्यास अध्यक्ष हिंदू नेमावा ही अट २०१३ पर्यंत कायम होती. प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार पाहण्याचा हक्क सव्विसाव्या अनुच्छेदाने दिला आहे, या एका वाक्यावर आपली बाजू भक्कम उभी राहते. तेथे तथागतांना ज्ञानप्राप्ती झाली हे आपल्या आंदोलनाचे बळ आहे. न्यायालयापुढचे कारण मात्र सव्विसावा अनुच्छेद हेच असले पाहिजे.

आणि आपली शाळा

शेवटी ज्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी हे लिहीत आहे तिच्याविषयी. आपली निवासी शाळा बौद्ध संस्थेने चालविलेली आहे, तिचा दिवस त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतो, आणि त्यानंतर उद्देशिकेचे वाचन होते. या क्रमाचा मला अभिमान आहे. आपल्या वसतिगृहात पारधी, वडार, धनगर, मुस्लिम, ख्रिस्ती घरांतील मुलेही राहतात, आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनी ती विश्वासाने आपल्या हाती सोपविलेली असतात. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचा तिसरा खंड सांगतो की, शासनमान्य किंवा शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत संमतीवाचून सहभागी करता येत नाही, आणि मूल अज्ञान असल्यास ती संमती पालकाची लागते. आपण मुलांवर जबरदस्ती करीत नाही, हे खरे. पण पहाटेच्या रांगेत उभे असलेले नऊ वर्षांचे मूल 'मी म्हणणार नाही' असे कोणापाशी सांगणार? शिकविलेले सारे मुकाट्याने म्हणणे हीच त्या वयाची रीत असते.

म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीपुढे आणि येत्या माजी विद्यार्थी मेळाव्यापुढे मी एक सूचना ठेवतो. पुढील वर्षीच्या प्रवेशअर्जात एक रकाना वाढवावा. वंदनेचा अर्थ सोप्या मराठीत छापून द्यावा, पालकांना तो वाचून दाखवावा, आणि मुलाने वंदनेत सहभागी व्हावे की त्या वेळी शांत बसून राहावे याविषयी त्यांची लेखी संमती घ्यावी. जी मुले शांत बसतील त्यांची जागा त्याच सभागृहात, त्याच रांगेत असावी. उद्देशिकेच्या वाचनाला मात्र सर्वांनी उभे राहावे. हा रकाना कोणत्या शब्दांत असावा याचा कच्चा मसुदा मी कार्यालयात दिला आहे. मेळाव्याला येणाऱ्यांनी तो पाहून आपले मत लेखी कळवावे.